कन्येला प्रवेश मिळेल काय?

उन्हाळ्याच्या सुटीत वडोदऱ्याहून आमच्या एका वाचकांचे पत्र आले. पत्र चार पृष्ठांचे, परंतु त्यातील प्रश्न एका ओळीचा : “माझ्या मुलीला हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता शेकडा किती, ते कृपया कळवावे.”

मुलगी बारावीत जाणार आहे. दहावीला तिला शेकडा ९५ गुण होते. अकरावीत ती वर्गात दुसरी आली. पत्रलेखक एका कारखान्यात हिशेबनीस आहेत. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका. शहरातील एका शिक्षण-सल्लागाराने मुलीची गुणपत्रिका पाहून ‘शेकडा ३५’ असा आकडा सांगितला, आणि तोच आकडा ६० वर नेऊन देण्याची फी म्हणून जी रक्कम मागितली, ती द्यावयाची तर प्रॉव्हिडंट फंडाला हात घालावा लागेल. धाकटा मुलगा आठवीत आहे. तेव्हा प्रश्न हार्वर्डचा दिसत असला, तरी फंड काढावा की न काढावा, हाच या गृहस्थांच्या मनातील खरा प्रश्न होय.

त्यांना आम्ही खाजगी उत्तर धाडलेच. तथापि याच धर्तीची विचारणा बेळगावहून आणि हैदराबादहूनही आमच्याकडे आलेली असल्यामुळे, पत्रलेखकांच्या संमतीने आणि त्यांचे नाव गाळून, ते उत्तर थोडे विस्ताराने येथे देत आहोत.

आपल्याकडील पालकांना ‘शेकडा किती’ असे विचारण्याची सवय लागली, यात त्यांचा दोष नाही. आपल्या देशातील मोठ्या प्रवेशपरीक्षांचा हिशेब खरोखरच तसा मांडता येतो. आय. आय. टी.चे उदाहरण घ्या. पहिल्या परीक्षेतून सुमारे अडीच लक्ष विद्यार्थी दुसऱ्या परीक्षेस पात्र ठरतात, आणि सर्व आय. आय. टी. मिळून जागा सुमारे १८,०००. ही चाळण अतिशय कठोर आहे. परंतु ती उघड्यावर चालते. एकदा मुलाचा क्रमांक हाती आला, की मागील वर्षी कोणत्या संस्थेत कोणत्या शाखेचा दरवाजा कोणत्या क्रमांकावर बंद झाला, हे छापील तक्त्यात पाहून बाप रात्री स्वस्थ झोपू शकतो, अथवा झोप उडाली तरी ती कशामुळे उडाली हे त्यास कळते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या बाबतीत असा तक्ता नाही. तेथे शेवटचा क्रमांक नसतो; कारण मुळात क्रमांकच लावलेले नसतात.

मग तेथे आत काय चालते? ही गोष्ट पुष्कळ वर्षे पडद्याआड होती. २०१४ साली हार्वर्डवर भरलेल्या एका दाव्याची सुनावणी २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात झाली, आणि त्या निमित्ताने विद्यापीठाला आपली कागदपत्रे बाहेर काढावी लागली. (तो दावा प्रवेश देताना वंशाचा विचार करावा की नाही याविषयी होता, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो विचार बंद करविला.) त्यातून जे दिसले ते प्रत्येक महत्त्वाकांक्षी पालकाने नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्ज वाचणारा अधिकारी उमेदवाराला अभ्यास, शाळेबाहेरील उद्योग, खेळ आणि व्यक्तित्व अशा निरनिराळ्या सदरांखाली १ ते ६ असे अंक देतो. १ हा सर्वांत वरचा. शिक्षकांच्या शिफारसपत्रांनाही अंक असतात. मग सुमारे चाळीस अधिकाऱ्यांची समिती एकत्र बसते, आणि अखेरचा निर्णय मतदानाने, बहुमताने होतो. अंकांची बेरीज करून यादी लावीत नाहीत.

आता गुणांचे पाहू. २०१५ साली प्रवेश घ्यावयाच्या वर्गासाठी अमेरिकेतूनच सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांपैकी ८,००० हून अधिक जणांची शालेय गुणपत्रिका पूर्ण गुणांची होती, एस. ए. टी. परीक्षेत गणितात पैकीच्या पैकी मिळविणारे सुमारे ३,५०० होते. वर्गात जागा सोळाशेच्या आसपास! म्हणजे सर्व जागा केवळ गणितात पूर्ण गुण मिळविणाऱ्यांना वाटून दिल्या असत्या, तरी त्यांतील निम्म्याहून अधिक मुले बाहेरच राहिली असती. अभ्यासाच्या सदरात ‘१’ मिळविणारे फारच विरळा. ज्यांचे स्वतंत्र संशोधन प्राध्यापकांनी वाचावे अशा तोडीचे ते असतात. उत्तम गुणांच्या मुलांना ‘२’ मिळतो, आणि तसे हजारो असतात. आमच्या पत्रलेखकांच्या कन्येचे ९५ टक्के तिला या हजारोंच्या पंक्तीत बसवू शकतील. त्या पंक्तीतून पुढे कोण उठेल, हे टक्केवारी सांगत नाही.

एस. ए. टी.विषयी एक शब्द. महामारीच्या काळात या विद्यापीठांनी ती परीक्षा ऐच्छिक केली होती. एम. आय. टी.ने २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली; हार्वर्डनेही २०२४ मध्ये तोच निर्णय जाहीर केला. कन्येला सरावाच्या परीक्षेत १६०० पैकी १४६० गुण पडले, असे वडील लिहितात. हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्यांतील मधल्या अर्ध्या विद्यार्थ्यांचे गुण साधारणतः १५०० ते १५८० या पट्ट्यात असतात. म्हणजे मुलीने आणखी मेहनत करावी हे खरे. परंतु १४६० चे १५४० झाले म्हणून दार उघडले, असे मात्र कोणी समजू नये.

शक्यतेचा जो ढोबळ आकडा सर्वत्र सांगितला जातो तो असा, की २०२४ साली प्रवेश घ्यावयाच्या वर्गासाठी ५४,००८ अर्ज आले आणि आरंभी १,९३७ जणांस होकार गेला. शेकडा साडेतीनहून किंचित अधिक. परंतु हा आकडा सर्व अर्जदारांची सरासरी आहे, आणि सरासरीत कोणी राहत नाही. त्याच खटल्यातील पुराव्यावरून दिसते, की विद्यापीठाच्या संघासाठी निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, अधिष्ठात्यांच्या विशेष यादीतील मुले आणि तेथील सेवकवर्गाची मुले अशांचे प्रमाण अर्जदारांत शेकडा पाचाहूनही कमी होते. पण प्रवेश मिळालेल्यांत ते शेकडा तीसच्या घरात जाई. वडोदऱ्याच्या हिशेबनिसाची कन्या या चारही दारांतून आत जाऊ शकत नाही. तिच्यासाठी उरलेल्या जागांचाच विचार करावयाचा, आणि त्याही साऱ्या जगासाठी. एम. आय. टी. परदेशी उमेदवारांचा आकडा निराळा प्रसिद्ध करते. तो अलीकडे शंभरात दोनच्या आसपास असतो. आता त्या सल्लागार महाशयांनी ३५ कोठून आणले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक!

येथे एका जुन्या गोष्टीकडे वळावेसे वाटते. कारण ‘व्यक्तित्वा’चा हा अंक मुळात कोठून आला, हे पाहिल्यावर त्याच्याविषयीचा आपला भाबडेपणा थोडा कमी होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता. परीक्षेत ज्यू मुले चांगली चमकू लागली, आणि १९२२ पर्यंत नव्या वर्गातील त्यांचे प्रमाण एक पंचमांशावर गेले. तत्कालीन अध्यक्ष लॉवेल यांना हे रुचले नाही. उघड मर्यादा घालण्याची त्यांची सूचना प्राध्यापकांनी फेटाळली. तेव्हा १९२६ च्या सुमारास ‘चारित्र्य व योग्यता’ पाहण्याची रीत आली, आणि अर्जासोबत छायाचित्रही मागण्यात येऊ लागले. परीक्षेत जे नाकारता येत नव्हते, ते चारित्र्याच्या नावाखाली नाकारता आले. आज तोच अंक गरीब वस्तीतील एखाद्या गुणी मुलाला वर आणण्यासाठीही वापरला जातो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हे माप माणसांनी माणसांसाठी केलेले आहे, देवाचे नव्हे, एवढे घरातील मुलामुलींना अवश्य सांगावे; नकार आला म्हणजे आपल्या स्वभावातच काही उणे आहे, असे समजून कित्येक मुले मनाने खचतात.

गोमंतकातील वाचकांना याच काळातील एक नाव आठवेल. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातील कोसबें येथला. वडील धर्मानंद पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, आणि मुलाला १९१८ साली सोबत नेले. मुलगा तेथीलच केंब्रिज गावच्या शाळेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी अत्युच्च सन्मानाने घेऊन बाहेर पडला. त्यांच्या बुद्धीविषयी कोणास शंका? तरीही ती वाट शाळेच्या अंगणातून गेलेली होती, हे विसरता कामा नये. आज वडोदऱ्यात बसून अर्ज करणाऱ्या मुलीसमोरील वाट ती नव्हे.

पैशाची बाजू याहून महत्त्वाची आहे, आणि सल्लागारांच्या पत्रकात ती सर्वांत बारीक अक्षरांत छापलेली असते. हार्वर्डचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलरांहून अधिक आहे. तथापि प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची जेवढी गरज असेल तेवढी मदत विद्यापीठ देते, परदेशी असला तरी देते, आणि अर्ज वाचताना ‘हा मदत मागतो’ हे त्याच्याविरुद्ध धरीत नाही. २०२५-२६ पासून, वर्षाला एक लक्ष डॉलरांपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या कुटुंबाकडून काहीच घ्यावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. परदेशी मुलांच्या बाबतीत अशी रीत पाळणाऱ्या संस्था मूठभरच आहेत : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी., ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन अशी काही नावे घेता येतील. इंडियाना राज्यातील नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठानेही २०२४ मध्ये हीच रीत स्वीकारल्याचे आमच्या वाचकांना वाचून समाधान वाटेल. उरलेल्या बहुतेक ठिकाणी परदेशी उमेदवाराने मदतीचा रकाना भरला, की त्याची शक्यता घटते. अनेक पालक म्हणतात, “मोठी नावे कठीण, म्हणून थोडी खालची पाहू.” गुणांच्या दृष्टीने ते बरोबर, पण मदतीच्या दृष्टीने तीच ‘खालची’ जागा आपल्या मुलीला अधिक अवघड असू शकते. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक संस्थेचा हा नियम स्वतः वाचावा. तो त्यांच्या पत्रकात असतो, आणि वाचण्यास फी पडत नाही.

सल्लागाराने या गृहस्थांस आणखी एक गणित सांगितले. एका ठिकाणी शंभरात चार शक्यता, तर वीस ठिकाणी अर्ज करावा. कोठे ना कोठे लागण्याची शक्यता शेकडा ५६ होते! गुणाकार बरोबर आहे. पण तो फाशांना लागू पडतो. कारण पहिल्या फाशाला दुसऱ्याची वार्ता नसते. येथे वीसही ठिकाणी तीच मुलगी, तीच गुणपत्रिका, तीच शिफारसपत्रे जातात. जे उणे एका वाचकाला दिसले, ते दुसऱ्यालाही दिसण्याचा संभव मोठा. वीस अर्जांनी शक्यता थोडी वाढते. निम्म्यावर जात नाही. त्यातून प्रत्येक संस्था निराळे निबंध मागते, आणि बारावीच्या वर्षात वीस ठिकाणचे निबंध लिहिणारी मुलगी अभ्यास केव्हा करणार?

येथवर लिहून झाल्यावर आम्ही ते पत्र पुन्हा वाचले, आणि चौथ्या पृष्ठाच्या तळाशी ताजा कलम म्हणून लिहिलेल्या चार ओळींशी थांबलो. वडिलांनी त्या तक्रारीच्या सुरात लिहिल्या आहेत. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात विश्वामित्रीला मोठा पूर आला. त्या नदीत मगरी आहेत हे वडोदऱ्यात सर्वांस ठाऊक आहे. पुराबरोबर त्या रस्त्यांवर आणि वसाहतींच्या आवारांत शिरल्या. तेव्हापासून ही मुलगी एक वही ठेवते. मगर कोणत्या दिवशी, कोठे दिसली, पाणी त्या दिवशी कोठवर होते, कोणी कळविले, मगर मोठी की पिल्लू, हे सारे ती त्या वहीत टिपते. दूधवाल्याला विचारते, पहारेकऱ्याला विचारते, वनखात्याच्या माणसांना विचारते. “अभ्यासाचा वेळ जातो,” असे वडील लिहितात. सल्लागाराचेही मत, की ही वही अर्जात दाखवू नये, कारण तिला प्रमाणपत्र नाही. त्याऐवजी मुलीच्या नावाने एक समाजसेवी संस्था काढावी, तिचे फलक व छायाचित्रे करून द्यावीत. त्याचाही दर फीमध्ये धरलेला आहे.

आमचे मत याच्या नेमके उलट आहे, आणि ते आम्ही त्यांस स्पष्ट कळविले. आठवड्याभरात काढलेल्या संस्था अर्ज वाचणाऱ्यांनी शेकड्यांनी पाहिलेल्या असतात. कोणी सांगितले नसताना, बक्षीस नसताना, एका मुलीने महिनोन् महिने रोजच्या रोज पाहिलेले आणि लिहिलेले असे काही त्यांच्यापुढे फार क्वचित येते. त्या वहीमुळे प्रवेश मिळेल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु या संपूर्ण पत्रात जी एकच गोष्ट या मुलीला इतर हजारोंपासून निराळी दाखविते, ती नेमकी लपविण्याचा सल्ला तिला पैसे घेऊन दिला जात आहे! निबंध साडेसहाशे शब्दांचा असतो. तो तिने स्वतः लिहावा. इंग्रजी थोडे साधे झाले तरी चालेल. अर्जावर ‘हे माझे स्वतःचे लेखन आहे’ अशी सही करावयाची असते, आणि ती खोटी ठरल्यास दिलेला प्रवेशही काढून घेतात. २०१९ साली अमेरिकेत रिक सिंगर नावाच्या सल्लागाराचे प्रकरण उघडकीस आले. खोट्या परीक्षा, खोटे खेळाडू, लाच. पन्नासाहून अधिक लोकांवर खटले झाले, आणि त्यांत आईबाप पुष्कळ होते. आमच्या पत्रलेखकांच्या सल्लागारास त्या पंक्तीत बसविण्याचा आमचा हेतू नाही. पण दुसऱ्याने लिहिलेला निबंध मुलीच्या सहीने धाडणे ही त्या वाटेवरील पहिली पायरी आहे, आणि ती आईबापांच्या संमतीने चढली जाते.

मग उत्तर काय? शेकड्याचा आकडा आम्ही दिला नाही. तो प्रामाणिकपणे कोणालाच देता येणार नाही. मतदान करणाऱ्या त्या चाळीस जणांनाही मार्चपूर्वी तो ठाऊक नसतो. आम्ही एवढेच लिहिले, की घरातील जमाखर्च मांडताना हार्वर्डचे उत्तर ‘नाही’ असे धरूनच मांडावा, आणि अर्ज मात्र अवश्य करावा. फंडाला हात लावू नये. दूरची तीन-चार विद्यापीठे पुरेत, आणि तीही परदेशी मुलांना पूर्ण मदत देणाऱ्यांपैकी. अर्ज साधारणतः १ जानेवारीपर्यंत जावयाचा, तोवर एस. ए. टी. एकदा, फार तर दोनदा द्यावी. मुलीचा ओढा जीवशास्त्राकडे आहे हे वहीवरूनच दिसते. तेव्हा पुण्याच्या आयसरची प्रवेशपरीक्षा आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांची तयारी हीच मुख्य समजावी, आणि घराजवळचे सयाजीराव विद्यापीठ आहेच. राजकारणाचा भरवसा नाही, हेही ध्यानात ठेवावे : २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्याचा प्रयत्न केला होता. न्यायालयाने तो रोखला. पण मधले दिवस तेथील परदेशी मुलांनी कसे काढले असतील, याची कल्पना केलेली बरी.

शिफारसपत्रांविषयी आम्ही विशेष आग्रह धरला. पालक सहसा मुख्याध्यापकांकडे, किंवा ओळखीच्या एखाद्या बड्या अधिकाऱ्याकडे धाव घेतात. तसल्या पत्रात मुलीचे कौतुक असते, मुलगी नसते. तिला वर्गात रोज पाहणाऱ्या शिक्षकांकडेच जावे, आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी जावे. ऐन वेळी मागितलेले पत्र घाईत लिहिले जाते. शाळेची माहितीपत्रिकाही सोबत जाते. वर्गात किती मुले, कोणते विषय शिकविले जातात, प्रयोगशाळा आहे की नाही, हे तीत खरे लिहावे. मुलीचे गुण ज्या शाळेत मिळाले, त्या शाळेच्या मापानेच ते वाचले जातात. गरीब शाळा दाखविण्यात कमीपणा नाही.

जूनमध्ये वडोदऱ्याहून दुसरे पत्र आले. या खेपेस ते एकाच पृष्ठाचे होते. फंड काढलेला नाही. सल्लागाराकडे नोंदणीसाठी भरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत, आणि मिळतील असेही दिसत नाही. आईने मुलीसाठी जाड पुठ्ठ्याची दुसरी वही आणली आहे. पहिली भरत आली. जीवशास्त्राच्या बाईंनी शिफारसपत्र लिहिण्याचे कबूल केले. परंतु लिहिण्यापूर्वी ती वही आठ दिवस आपल्याकडे ठेवण्यास मागितली, आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे मुलगी ती द्यावयास तयार नाही.